मास्तरांच्या घरचं तिसरं ताट

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. शाळेशी त्यांचा संबंध एवढाच, की तिथल्या निम्म्या पोरांचे गणवेश त्यांच्या मशीनखालून जायचे. गल्लीच्या तोंडाशी दुकान, मागे स्वयंपाकघर आणि एक खोली, आणि मधे एक पडदा. मास्तरीणबाई गेल्यापासून तो पडदा कुणी धुतला नव्हता. पण मास्तरांचा हात असा, की पोरगं दारातून येताना नुसतं बघितलं तरी सांगायचे, "हा यंदा ताडमाड वाढणार, पायात कापड जास्त सोडतो." आणि पोरगं खरंच वाढायचं. आया खूश व्हायच्या.

आता गंमत बघा. जगातल्या पोरांची अंगं ओळखणाऱ्या या माणसाला स्वतःच्या पोटाची काडीची अक्कल नव्हती. बायको होती तोवर ताट समोर यायचं, ते संपायचं. ती गेली आणि जेवण म्हणजे चहात बुडवलेला पाव झालं, तोही उभ्याने, ओट्याला टेकून. कधी भात शिजवलाच तर पातेल्यातूनच चमच्याने. ताट घेतलं की धुवावं लागतं, आणि एका माणसासाठी ताट कोण धुणार, असं ते म्हणायचे. सगळ्या सबबी! खरं कारण वेगळं होतं. समोर कुणी नसताना ताट घेऊन बसलं की त्यांच्या घशाखाली घास उतरायचा नाही. रविवारी चर्चमध्ये लोक विचारायचे, "मास्तर, बरं आहे ना?" मास्तर म्हणायचे, "प्रभूची कृपा." लोक मान हलवून पुढे सरकायचे.

अशा माणसाच्या घरी सहा वर्षांची नात राहायला आली.

त्यांची लेक नर्स. तिला बढतीसाठी दूरच्या शहरात शिकायला जायचं होतं. जावई जहाजावर, वर्षाचे आठ महिने पाण्यातच. पोरीला नणंदेकडे ठेवायचं असं लेकीचं ठरलंही होतं. पण मास्तर हटून बसले. "आत्याकडे कशाला? आजोबा मेला काय?"

"तसं नाही हो बाबा," लेक म्हणाली. "तुमचंच खाण्यापिण्याचं हे असं. तुम्ही हिला काय जेवू घालणार? ही एक एक दाणा चिमटीत धरून खाते. भाजी बघितली की तोंडाला कुलूप."

"तुला कुणी वाढवलं?"

"आईने," लेक म्हणाली.

मास्तरांनी तरी हट्ट सोडला नाही. शेवटी लेकीनेच पड खाल्ली. पण अट घातली. ती मधे एकदा सुट्टी काढून येईल. पोरीच्या अंगावर मांस दिसलं, तर शिक्षण संपेपर्यंत पोर आजोबांकडे. नाही दिसलं, तर सरळ आत्याकडे. तिथे चार पोरं आहेत, पोरांच्या घोळक्यात पोर जेवतं.

मास्तर म्हणाले, "चालेल." लेक बसमध्ये चढली तेव्हा नातीचा हात त्यांच्या हातात होता. किती तरी दिवसांनी त्यांच्या हातात कुणाचा तरी हात होता, आणि तो परत सोडायचा नाही, एवढंच त्या घटकेला त्यांना कळत होतं.

पोरीचं नाव त्यांनी ठेवलं चिमटी.

पहिल्या संध्याकाळी मास्तरांनी कंबर कसली. भात, डाळ, पालेभाजी, उकडलेलं अंडं. दोन ताटं पुसली. चिमटीने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि आईने शिकवलेली प्रार्थना म्हटली. "हे प्रभू, या अन्नाबद्दल तुझे उपकार मानतो. तू आमच्या घरी पाहुणा म्हणून ये. आमेन." मग एक डोळा उघडला. "आजोबा, त्याचं ताट कुठंय?"

"कुणाचं?"

"पाहुण्याचं. मम्मी म्हणते, आजी वाढायची."

वाढायची खरी. मास्तरीणबाईंचं म्हणणंच होतं, की रोज ये ये म्हणायचं आणि ताट मांडायचं नाही, हा कुठला पाहुणचार? म्हणून घरात नेहमी एक ताट जास्तीचं. आणि कुणी ना कुणी टपकायचंच! दुकानात काजं-बटणं करायला येणारी बाई, शेजारणीचं पोर, उन्हातून आलेला पोस्टमन. मास्तरीणबाई वाढता वाढता नवऱ्याकडे बघायच्या, "बघा, पाठवला की नाही कुणाला तरी?" त्या गेल्या आणि येणारेही आटले. ताट माळ्यावर गेलं, वर्तमानपत्रात गुंडाळून.

मास्तर स्टुलावर चढले. ताट काढलं, धुतलं, मांडलं. त्यात दोन घास भात वाढला. चिमटीने आपला चमचा उचलला आणि आपली सगळी पालेभाजी त्या ताटात सरकवली.

"अगं, अगं! ती तुझी आहे."

"त्याला आवडते."

"तुला कसं ठाऊक?"

"त्यानेच केलीय ना भाजी? मग?"

मास्तरांनी डोकं खाजवलं. इतकी वर्षं प्रवचनं ऐकली, पण याला उत्तर काय द्यावं ते कुणी शिकवलं नव्हतं. चिमटी दोन-चार दाणे भात खाऊन, अर्धं अंडं कुरतडून पडद्यापलीकडच्या मोरीवर हात धुवायला गेली, आणि मास्तर त्या भरल्या ताटासमोर एकटे उरले. आता काय करायचं? आईला सोडून आलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी सांगायचं, की बोलावलं तरी कुणी येत नाही? आणि अन्न टाकायचं, तर ते पाप. मास्तरांनी पडद्याकडे एकदा बघितलं आणि ताट ओढलं. भात, भाजी, सगळं चाटूनपुसून खाल्लं. आपल्याला इतकी भूक लागली होती हे त्यांना तेव्हाच कळलं.

चिमटी परत आली. "आला होता?"

"येऊन जेवून गेला," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे कान तापले. देवाच्या नावाने थाप मारली होती ना!

पण थापेचं काय असतं, पहिली जड जाते. पुढे रोजचंच झालं. भोपळा पाहुण्याला, गाजर पाहुण्याला, दुधी तर अख्खा पाहुण्याला. मास्तर रागवायचे, लाडीगोडी लावायचे, विमान करून घास फिरवायचे, आणि त्या नादात त्यांचं स्वतःचं ताट तसंच राहायचं. पोरगी ढिम्म. मग तिचे हात धुऊन होईपर्यंत पाहुण्याचं ताट साफ. पुढे पुढे तर चिमटी अंड्याचा पिवळा बलकही पाहुण्याला द्यायला लागली. तो तिचा जीव की प्राण! मास्तरांना गहिवरून आलं. केवढी ही श्रद्धा, म्हणाले. अहो मास्तर, श्रद्धेचं राहू द्या, पोरीच्या पोटात काय जातंय ते बघा! पण नाही. घरात चमच्याचा आवाज होता, प्रश्न होते, गाणं होतं, मोरीवर कुणीतरी पाणी सांडत होतं. एवढं सगळं परत आल्यावर माणूस आंधळा होतो, त्यात मास्तरांचा एकट्याचा काय दोष.

भाजीवालीला मात्र दिसलं. "मास्तर, गाल वर आलेत की! लग्नबिग्न ठरलं की काय?"

"गप गं. नात आलीय."

"नात आली म्हणून आजोबा फुगला?" भाजीवाली हसली आणि मूठभर कोथिंबीर वर टाकली. मास्तरही हसले. त्यांना तो विनोद वाटला.

मग एक दिवस पँटचं बटण तुटलं. मास्तरांनी पट्टा उसवला, मागची शिलाई सोडली, कंबर ढिली केली. स्वतःचीच पँट, लगेच उरकली. तेवढ्यात चिमटी शाळेतून आली, एका हाताने स्कर्ट धरून. तो खाली घसरत होता, बाईंनी सेफ्टीपिन लावून दिली होती. "आजोबा, मोठा झाला हा."

मास्तरांनी गळ्यातला टेप काढून तिच्या कमरेला लावला. आली त्या दिवशी टेप जिथे भिडला होता, त्याच्या बोटभर अलीकडेच भिडला. त्यांनी पुन्हा लावला. स्कर्ट मोठा झाला नव्हता. मशीनवर त्यांची ढिली केलेली पँट अजून पडलेली होती. मास्तरांनी त्या पँटकडे बघितलं, मग पोरीच्या कमरेकडे. पोरीच्या तोंडचा घास कुणाच्या अंगावर चढला होता, हे सांगायला आता दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी दोनच ताटं मांडली.

"तिसरं?"

"पाहुणा आज येणार नाही. निरोप आलाय त्याचा. तू तुझं खा बघू."

चिमटीचा चेहरा पडला. चमचा हातात, ओठ घट्ट. मग डोळे भरले आणि ती हमसून हमसून रडायलाच लागली. "मग तू काय खाणार?"

"मी? हे काय माझं ताट."

"त्यातलं तू खात नाहीस! नुसतं चिवडतोस. माझ्याकडे बघत बसतोस. पाहुण्याच्या ताटातलंच खातोस फक्त. मी पाहिलंय पडद्याच्या फटीतून. पहिल्यापासून पाहिलंय."

चिमटीला थांबता येत नव्हतं. "मम्मी पप्पांना फोनवर म्हणाली, बाबा जेवतच नाहीत, असंच चाललं तर आईच्या मागोमाग जातील. म्हणून मी तुला बलक पण दिला."

मास्तरांनी तिला उचलून मांडीवर घेतलं. "अगं वेडे, अगं माझे बाई," एवढंच ते म्हणत राहिले. त्यांना रडू आलं, आणि लाजही वाटली. ते समजत होते आपण पोरीला जेवू घालतोय, आणि पोरगी स्वतः उपाशी राहून म्हाताऱ्याला जगवत होती.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी कानाला खडा लावला. पाहुण्याचं ताट मांडायचं, पण ते खरोखर कुणी येईपर्यंत रिकामं. आपापल्या ताटातलं आपण खायचं. मास्तरीणबाईंचा लेकीसाठीचा जुना नियम त्यांना आठवला. प्रत्येक गोष्टीचा एक घास चाखायचा. आवडला तर पुढे, नाही आवडला तर कडेला ठेवायचा, कुणी रागावणार नाही. चिमटीला त्यांनी मटार सोलायला बसवलं. निम्मे मटार सोलता सोलताच तिच्या तोंडात गेले. गाजरं तिने स्वतः धुतली, तर त्यातलं एक कच्चंच करकरून खाल्लं. मास्तरांचा आनंद गगनात मावेना.

पण घोडं एका ठिकाणी अडलं. घास उचलायच्या आधी चिमटी आजोबांच्या ताटात डोकवायची. "तू घे आधी." त्यांनी घेतला, गिळला, की मग तिचा. ते थांबले की तीही थांबायची. शाळेतून आली की दप्तर ठेवायच्या आधी पातेलं उघडून बघायची, आजोबांनी दुपारी काही खाल्लंय का. नाही दिसलं तर तिचं तोंड एवढंसं. ही सवय काही केल्या सुटेना. आणि लेक येत्या रविवारी येणार होती.

आता ऐका मास्तरांनी काय केलं. रविवारसाठी त्यांनी चिमटीला निळा फ्रॉक शिवला. बेतला बरोब्बर, बाजूंना वाढत्या अंगासाठी चांगलं कापड आत सोडलं. आणि मग, सगळा शिवून झाल्यावर, कमरेत दोन्हीकडून आणखी दुमडून वर दुसरी शिलाई मारली. फ्रॉक तंग झाला. चिमटीने घातला तर पोट वर आलं, पोर भरल्यासारखी दिसली. आयुष्यभर वाढत्या पोरांना जागा सोडणाऱ्या माणसाने नातीच्या फ्रॉकमधली जागा काढून घेतली, कारण पोरगी गेली तर परत तो पडदा, तो ओटा आणि तो पाव.

"आजोबा, टोचतोय. श्वास घेता येत नाही."

"चर्चपुरता घाल गं. मग काढू."

लेक आली ती थेट चर्चच्या दारात. "अय्या! केवढी भरली माझी पोर!" तिने चिमटीला फिरवून फिरवून बघितलं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. उपासना त्यांनी ऐकली असं म्हणणं धाडसाचं होईल.

घरी येऊन तिघं जेवायला बसली. चिमटीने प्रार्थना म्हटली, चमचा उचलला आणि आजोबांकडे बघितलं. "तू घे आधी." लेकीने हे पाहिलं. दोन घासांनंतर चिमटी कळवळली, "मम्मी, हा आवळतोय." लेकीने मागची बटणं काढली. कमरेच्या आतून अंगठा फिरवला. ती शिंप्याची पोर, मशीनखाली दोऱ्याचे तुकडे गोळा करत वाढलेली. तिचा अंगठा त्या दुसऱ्या शिलाईवर थांबला. मग तिने फ्रॉक काढला आणि पोरीच्या बरगड्या बघितल्या.

जेवण झाल्यावर चिमटी अंगणात खेळायला गेली. लेक दुकानात गिऱ्हाइकांच्या स्टुलावर येऊन बसली. बापाचीच कात्री घेऊन ती दुसरी शिलाई उसवायला लागली.

"बाबा, हे का केलंत?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. तिसरं ताट, थाप, बलक, पडद्याची फट. लेक ऐकता ऐकता एक एक टाका काढत होती.

"वजनाचं मी समजून घेतलं असतं," ती म्हणाली. "आता खायला लागलीय, भरेल. पण ती तुमच्या घासावर डोळा ठेवून बसते, बाबा. सहा वर्षांची आहे ती. तुम्हाला जिवंत ठेवायचं काम तिचं नाही."

मास्तरांना खूप बोलायचं होतं. नेऊ नकोस, म्हणायचं होतं. ती गेली की या घरात भिंतीशी बोलायची पाळी येते, म्हणायचं होतं. अंगणातून चिमटीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सांगत होती, की थांब, माझे आजोबा दूध प्यायलेत का बघून येते.

"ने तिला," मास्तर म्हणाले. "पोरांत जेवेल."

निघताना चिमटीने आपला चमचा आजोबांच्या हातात दिला. "रोज ताटात जेव. मी फोन करून विचारणार." रिक्षा वळली. मास्तर दुकानात येऊन मशीनवर बसले आणि तासभर दोरा ओवत राहिले.

घर पुन्हा गप्प झालं. आधीपेक्षा जास्त, कारण आता मास्तरांना ठाऊक होतं की इथे आवाज कसा असतो. संध्याकाळी चहात पाव बुडवला. फोन वाजला.

"जेवलास?"

"जेवलो गं."

"ताटात? पाहुणा आला होता?"

मास्तरांनी हातातला पाव खाली ठेवला. एकदा त्या नावाने थाप मारून काय झालं ते त्यांनी टेपवर मोजलं होतं. "नाही आला," ते म्हणाले. "आणि मीही नाही जेवलो. आता जेवतो." फोन ठेवून त्यांनी भात टाकला, भाजी चिरली. दोन ताटं मांडली, एक आपलं, एक रिकामं. बसले. पहिला घास घशात तसाच अडकला, पण त्यांनी तो पाण्याबरोबर उतरवला. दुसरा घेतला. रोज असंच चाललं. सोपं कधी झालं नाही, पण त्यांनी सोडलं नाही.

काही महिन्यांनी एक पुडकं आलं. आत निळा फ्रॉक, धुऊन धुऊन विटलेला. पाठोपाठ फोन.

"आजोबा, तो बसतच नाही कमरेत! आत्या म्हणते फाटेल. मी भोपळा पण खाते आता. आत्याचा दादा माझ्या ताटातला पळवतो म्हणून पटापट खाते. तू सोड तो."

"किती सोडू?"

"खूप!"

या वेळी कुणी काही दुमडलेलं नव्हतं. मास्तरांनी फ्रॉक उलटा केला. लेकीने उसवलेल्या शिलाईची भोकं कापडावर अजून दिसत होती. त्यांच्या बाहेरची शिलाई, ती खरी, त्यांनी उसवली. आत सोडलेलं कापड बाहेर आलं, अजून तसंच गर्द निळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पोर न बघता, टेप न लावता अंदाजाने माप धरलं. होतं नव्हतं तेवढं सगळं सोडलं. पोरगी भरली होती. त्यांना आनंद झाला, खरंच झाला. आणि दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या ताटावर भरली, म्हणून मशीनवर डोकं टेकून ते रडलेही.

संध्याकाळी ते जेवायला बसले तेव्हा फोन वाजला.

"जेवलास?"

"बसलोय. भोपळाच केलाय."

"एकटाच आहेस?"

मास्तरांनी समोरच्या रिकाम्या ताटाकडे बघितलं. "हो गं. एकटाच."

"मग फोन ठेवू नको. मी पण जेवायलाच बसलेय."

तिकडे पोरांचा गलका चालला होता, कुणीतरी पाणी सांडलं, आत्या ओरडली. मधेच चिमटीच्या चमच्याचा आवाज आला. मास्तरांनी फोन कानाशी धरून घास घेतला. आज तिने "तू घे आधी" म्हटलं नाही. ती खात होती, कुणासाठी न थांबता, आणि खाता खाता दादाशी भांडत होती. भांडणात ती फोनवर आजोबा आहेत हे विसरूनच गेली. थोड्या वेळाने कुणीतरी फोन बंद केला.

मास्तरांच्या ताटात अजून भोपळा होता. तो त्यांनी संपवला. मग उठून एका माणसाचं ते एक ताट धुतलं.